हळदीतला पिवळा रंग नक्की कुणाचा? क्रोमॅटोग्राफी कशी ओळखते

हळद पिवळी कशामुळे, असं विचारलं की उत्तर येतं कर्क्युमिनमुळे. ते अर्धंच खरं आहे. हळदीत सख्ख्या भावंडांसारखी तीन संयुगं असतात: कर्क्युमिन, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड्स म्हणतात. औषधाच्या दुकानातल्या डबीवर जे '९५ टक्के' लिहिलेलं असतं, ती बहुतेक वेळा या तिघांची बेरीज असते. त्यात साधारण ७५ ते ८० टक्के वाटा कर्क्युमिनचा आणि १५ ते २० टक्के दुसऱ्याचा असतो. तिसरं अगदी थोडं.

मग वेगळं करायची गरज काय? कारण रंग मोजणारं यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, फक्त 'किती पिवळं' एवढंच सांगतं. ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश किती शोषला गेला हे बघतं. खाण्यात वापरायला बंदी असलेला मेटॅनिल यलो हा रंग त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतो. त्यामुळे भेसळीच्या हळदीचा आकडा उलट चांगलाच दिसू शकतो! म्हणून आधी वेगळं करायचं, मग मोजायचं.

ही युक्ती मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाची. १९०३ साली वॉर्सामध्ये त्याने ती मांडली. काचेच्या नळीत खडूसारखी पूड (कॅल्शियम कार्बोनेट) ठासून भरायची आणि वरून पानांचा अर्क सोडायचा, की हिरवे-पिवळे पट्टे आपोआप वेगळे होतात. मराठीत याला वर्णलेखन म्हणतात. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग!

हळदीसाठी सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे टीएलसी. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिका जेलचा पातळ थर असतो. तळापासून सेंटिमीटरभर वर हळदीच्या अर्काचा बारीक ठिपका द्यायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. ९५ भाग क्लोरोफॉर्म आणि ५ भाग मिथेनॉल हे मिश्रण नेहमी वापरलं जातं (घरी अजिबात नको, क्लोरोफॉर्मची वाफ घातक असते). द्रावक टीपकागदासारखा वर चढतो आणि एका ठिपक्याचे तीन होतात. पट्टी हातात घेऊन हे बघणं मला अजूनही आवडतं. यंत्र नाही, पडदा नाही, उत्तर समोर.

आता कोण वर जाणार? सिलिकाला हायड्रॉक्सिल गट धरून ठेवायला आवडतात. कर्क्युमिनकडे असे दोन फिनॉलिक गट आहेत, पण प्रत्येकाच्या शेजारी एक मेथॉक्सी गट बसलेला असतो आणि तो त्या हायड्रॉक्सिलला आपल्याकडेच गुंतवून ठेवतो. त्यामुळे सिलिकाची पकड सैल पडते आणि कर्क्युमिन सगळ्यात वर पोचतं. दुसऱ्या भावंडाकडे एकच मेथॉक्सी, म्हणून ते मध्ये. तिसऱ्याकडे एकही नाही, म्हणून ते खाली अडकतं. मेटॅनिल यलोमध्ये सल्फोनेट गट असतो. तो सिलिकाला असा चिकटतो की त्याचा ठिपका जवळपास तळाशीच राहतो, आणि चोर सापडतो.

जास्त माल हवा असेल तर हेच काम सिलिका भरलेल्या उभ्या कॉलममध्ये करतात. खालून थेंब थेंब येणारा द्रव एकेका परीक्षानळीत गोळा करायचा, प्रत्येक नळी टीएलसीवर तपासायची, सारख्या नळ्या एकत्र करून द्रावक उडवायचा. किचकट आणि वेळखाऊ, पण शुद्ध पदार्थ हातात येतो. अचूक प्रमाण हवं असेल तेव्हा मात्र एचपीएलसी. तिथे बहुधा सी-१८ कॉलम असतो, त्याला तेलकट रेणू आवडतात, म्हणून क्रम उलटा होतो: कर्क्युमिन सगळ्यात शेवटी बाहेर पडतं.

या तीन शिखरांचा आणखी एक उपयोग आहे. कारखान्यात बनवलेल्या कर्क्युमिनमध्ये सहसा बाकीची दोन भावंडं नसतात. 'नैसर्गिक अर्क' म्हणून विकलेल्या मालात एकच शिखर दिसलं, तर शंका घ्यायला जागा आहे. पुरावा नाही, कारण नैसर्गिक अर्कही तेवढा शुद्ध करता येतो. पक्कं ठरवायला कार्बन-१४ तपासावा लागतो: पेट्रोलियमपासून बनवलेल्या मालात तो नसतो.

आणि टीएलसी पट्टी स्वच्छ दिसली म्हणून हळद निर्धोक, असंही समजू नका. हळकुंडांना चकाकी आणायला लावलेलं लेड क्रोमेट या द्रावकांत विरघळतच नाही, त्यामुळे ते पट्टीवर दिसणार नाही. शिसं शोधायला ॲटॉमिक ॲबसॉर्प्शनसारखी वेगळी चाचणी लागते.