मुकी प्रजा, मोकाट शस्त्रे

दरवर्षी 17 सप्टेंबरला आमच्या शाळेत झेंडावंदन होते आणि मी मुलांना तुळजापूरचीच हकीकत सांगतो. 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय फौज येथे पोहोचली. निजामाच्या पायदळाची एक तुकडी आणि सुमारे 200 रझाकार समोर होते. दोन तास झुंज झाली. मग त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. यंदा मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, दोन तासांचेच काम होते, तर लोक इतकी वर्षे गप्प का बसले?"

बसले नव्हते, बसवले होते! 1929 साली निजाम सरकारचे गश्ती निशान 53 निघाले आणि सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी, असा दंडक आला. 1938 साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली. प्रजेच्या तोंडाला असे कुलूप, आणि शस्त्रांना मात्र मोकळे रान. लातूरला वकिली करणारे कासीम रझवी रझाकारांचे सेनानी झाले. 29 नोव्हेंबर 1947 रोजी दिल्लीशी 'जैसे थे' करार झाला. तरी 1948 साली सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबादेत उतरवीत होता. जाब विचारायचा कोणी? 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालवली. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला.

वाचकहो, हीच कथा रशियात फार मोठ्या पटावर घडली. तेथे हायड्रोजन बॉम्ब घडवणाऱ्यांपैकी एक, आंद्रेई साखारोव्ह, पुढे सांगू लागले की, जे सरकार स्वतःच्या प्रजेला बोलू देत नाही, त्याच्या शब्दावर जगानेही विसंबू नये. 1975 साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. 1980 साली सरकारने त्यांना गोर्की शहरी हद्दपार केले. डिसेंबर 1986 मध्ये गोर्बाचेव्ह यांनी त्यांना परत बोलावले. पुढच्याच डिसेंबरात अमेरिकेशी करार झाला, एकमेकांच्या तळांवर निरीक्षक गेले आणि दोघांची मिळून 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली. घराची खिडकी उघडली, तेव्हाच शेजाऱ्याला कोठार मोजता आले.

पुढे चक्र उलटे फिरले. 2019 साली आधी अमेरिकेने अंग काढून घेतले, आणि तो करार संपला. स्तालिनच्या काळातील बळींची नोंद ठेवणारी 'मेमोरियल' संस्था डिसेंबर 2021 मध्ये रशियाच्या न्यायालयाने बंद करविली. जानेवारी 2023 मध्ये मॉस्को हेलसिंकी गटाची पाळी आली. आणि फेब्रुवारीत रशियाने अण्वस्त्रांच्या उरल्यासुरल्या मोठ्या करारातील आपला सहभाग थांबवला.

पण परक्याच्या घरातला अंधार मोजताना आपला कोनाडा विसरू नये. फौज आल्यानंतर मराठवाड्यात कित्येक निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत तिने आपल्या उस्मानाबादचे नाव घेतले, आणि राज्यभरातील मृतांचा अंदाज किमान 27 ते 40 हजार दिला. तो अहवाल आपल्याच सरकारने कित्येक दशके प्रकाशात येऊ दिला नाही.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, "बाळ, तू आज जो प्रश्न विचारलास ना, तो विचारण्याचीच त्यांना चोरी होती."

दिवाळीत आपण कोनाड्याकोनाड्यात पणती ठेवतो. एक पणती या कोनाड्यातही असू द्यावी.