साष्टीच्या स्मृतीचा राखणदार

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आज लोकल गाडीच्या स्थानकांची नावे म्हणून आपल्या ओठांवर असतात. परंतु ही सारी गावे ज्या साष्टी बेटावर वसली, त्याचे नावच 'सहासष्ट गावे' या अर्थाचे आहे. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्याबरोबर हे बेट पोर्तुगीजांच्या हवाली केले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. एवढ्या राजवटी बदलल्या, की गावाचे दप्तर सुरक्षित राहणे कठीणच. आमच्या पूर्वजांच्या कितीतरी नोंदी या उलथापालथीत हरपल्या.

या हरपलेल्या दप्तराचे तुकडे गोळा करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत डॉ. जुझे गर्सन दा कुन्हा यांचे नाव आम्हाला अग्रभागी ठेवावेसे वाटते. 1844 साली बारदेशातील हडफडे गावी त्यांचा जन्म झाला. वैद्यकी हा त्यांचा व्यवसाय आणि मुंबई ही कर्मभूमी. रोग्यांची नाडी पाहता पाहता या गृहस्थाने जुन्या दगडांचीही नाडी पाहिली. चौल व वसई यांच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ 1876 मध्ये प्रसिद्ध झाला. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चमध्ये थडग्यांवर कोरलेले लेख त्यांनी त्यात उतरवून घेतले. साष्टीचा कारभार त्या काळी वसईहून चालत असल्याने वसईचा हा शोध आपल्याही घराचा शोध ठरतो.

त्यांची दृष्टी आपल्या समाजापुरती आखूड नव्हती, हे आम्हाला विशेष मोलाचे वाटते. स्कंदपुराणातील सह्याद्रिखंडाची संस्कृत संहिता त्यांनी 1877 मध्ये संपादित केली, 1881 मध्ये कोकणी भाषा व साहित्य यांवर लिहिले आणि पोर्तुगीज अमलातील नाण्यांचाही अभ्यास केला. एका कॅथलिक डॉक्टराने पुराणाची संहिता सिद्ध करावी, यात त्यांना काही विसंगत वाटले नाही. भूमी एक, तर तिची स्मृतीही एकच. मुंबईच्या उगमावरील त्यांचा ग्रंथ 1900 मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

पुढे या वाटेने इतरही गेले. फादर हेन्री हेरास यांनी 1926 मध्ये सेंट झेविअर्स कॉलेजात इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. ब्राझ फर्नांडिस यांनी 1927 मध्ये वांद्र्याचा धार्मिक व लौकिक इतिहास लिहिला.

अशा श्रमांवाचून आपल्या उपनगरांतील अवशेष मुके राहिले असते. मरोळजवळ, आजच्या सीप्झच्या आवारात, 1579 मध्ये बांधलेल्या संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. 1840 मध्ये साथीमुळे भाविकांनी ती जागा सोडली. बोरिवलीच्या मंडपेश्वराची कथा अधिक नाजूक आहे. तेथील शैव लेण्याचे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी प्रार्थनामंदिर केले. आज ते पुन्हा शिवालय आहे आणि वर मठाचे भग्नावशेष आहेत. आपल्याला रुचेल तेवढेच सांगावयाचे, असे इतिहासाला चालत नाही. शिल्प आणि क्रूस या दोहोंची नोंद प्रामाणिकपणे ठेवणे, हाच दा कुन्हांच्या परंपरेचा मान आहे.

गोरेगाव येथे महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय 2011 पासून उभे आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संग्रहालय चर्चमधील मूर्ती व वस्त्रे सांभाळील. घरातील पेटी कोण सांभाळणार? गावठाणातील जुने घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा आजीची लग्नपत्रिका, जमिनीचा जुना उतारा, ओव्यांची वही आणि फेस्ताचे छायाचित्र रद्दीबरोबर जाते. दगडावरचा लेख निदान उन्हापावसात शतके तग धरतो. कागद एका पावसाळ्यात संपतो.

म्हणून आमची वाचक कुटुंबांना विनंती आहे, की छायाचित्रामागे पेन्सिलीने नावे व वर्ष लिहावे, वडीलधाऱ्यांना विचारून घराण्याची वंशावळ उतरवून घ्यावी आणि जुने कागद टाकण्यापूर्वी जाणकाराला दाखवावेत. दा कुन्हांसारखी विद्वत्ता प्रत्येकाला लाभेलच असे नाही. त्यांची जपणूक मात्र प्रत्येक घराला साधण्यासारखी आहे.