मरुमक्कत्तायम : केरळमधील मातृवंशीय कुटुंब आणि विवाहविषयक कायदे

प्रस्तावना

‘लग्न झाले की मुलगी सासरची होते’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की, भारतात सर्वत्र आणि सर्वकाळ असेच घडत आले, असे वाटू लागते. केरळमधील नायर आणि इतर काही समाजांत मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मुलगी जन्मभर आईच्याच घराण्याची राहत असे. तिची मुलेही त्याच घराण्याची असत. ही पद्धत कायद्याने हळूहळू मोडीत निघाली. त्यातून स्त्रीचा दर्जा उंचावला की खालावला, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

तरवाड आणि संबंधम

मल्याळम भाषेत ‘मरुमक्कळ’ म्हणजे भाचे-भाच्या. मामाकडून भाच्यांकडे जाणारा वारसा तो मरुमक्कत्तायम. एका पूर्वज स्त्रीपासून केवळ स्त्रियांच्या बाजूने वाढलेल्या एकत्र कुटुंबाला ‘तरवाड’ म्हणत. आजी, तिच्या मुली व मुलगे, मुलींची मुले असे सारे त्यात येत. मुलग्यांची मुले मात्र त्यांच्या आईच्या तरवाडात मोजली जात. त्रावणकोरच्या राजघराण्यातही गादी भाच्याकडे जात असे.

स्त्री-पुरुषांचे नाते ‘संबंधम’ या नावाने ओळखले जाई. पुरुषाने स्त्रीला वस्त्र देणे हा त्यातील प्रमुख विधी होता. अनेक ठिकाणी पती रात्री पत्नीच्या घरी येई आणि सकाळी आपल्या तरवाडात परते. उत्तर मलबारमध्ये पत्नी पतीकडे राहायला जाई. तरीही तिचा हक्क जन्मघरातच राही. दोघांपैकी कोणीही हे नाते संपवू शकत असे. नाते संपले तरी स्त्री बेघर होत नसे आणि तिच्या मुलांच्या पोटाचा प्रश्न उभा राहत नसे.

येथे एक सावधगिरी बाळगा. ही व्यवस्था मातृवंशीय होती, मातृसत्ताक नव्हती. वंश आईकडून मोजला जाई, पण तरवाडाचा कारभार बहुधा ज्येष्ठ पुरुषाच्या, म्हणजे ‘कारणवर’च्या हाती असे. तो कुटुंबातील मुलांचा मामा किंवा आजीचा भाऊ असे. एकट्या सदस्याला वाटणी मागता येत नसे. शिवाय नंबूद्री ब्राह्मणांत सामान्यतः थोरला मुलगाच स्वजातीत विवाह करी आणि धाकटे मुलगे नायर स्त्रियांशी संबंधम जोडत. त्या मुलांना वडिलांच्या संपत्तीत वाटा नसल्याने नंबूद्रींची जमीन अखंड राही. अशा नात्यात तरुण स्त्रीच्या इच्छेला किती मान मिळत असेल, याचा विचार करा.

बदलाची मागणी

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी न्यायालयांनी संबंधमला कायदेशीर विवाह मानण्यास नकार दिला. त्यामुळे शिकलेल्या नायर तरुणांना आपल्या घरच्या स्त्रियांचा अपमान झाल्यासारखे वाटे. दुसरे कारण आर्थिक होते. वकिली किंवा सरकारी नोकरी करणारा पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची स्वकष्टार्जित मिळकतही तरवाडाकडे जाई. पत्नी आणि मुलांना काही मिळत नसे.

१८९० मध्ये सी. शंकरन नायर यांनी मद्रास विधिमंडळात विवाहविषयक विधेयक मांडले. पुढे १८९७ मध्ये अमरावती येथील काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. १८९१ मध्ये टी. मुत्तुस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली मलबार विवाह आयोग नेमला गेला. त्याचे एक सदस्य ओ. चंदु मेनन हे ‘इंदुलेखा’ (१८८९) या कादंबरीचे लेखक होते. तिची सुशिक्षित नायिका एका नंबूद्रीला नाकारून आपल्या पसंतीच्या तरुणाशी विवाह करते. मात्र संबंधम हा मुळातच विवाह आहे, असे मत मेनन यांनी आयोगापुढे मांडले.

कायद्यांचा क्रम

१८९६ : मलबार विवाह कायदा. संबंधमची नोंदणी करण्याची सोय झाली. नोंदणी फारच थोड्यांनी केली.
१९२५ : त्रावणकोरचा नायर कायदा. व्यक्तीला वाटणी मागण्याचा हक्क मिळाला. अनेक तरवाडांच्या वाटण्या झाल्या.
१९३३ : मद्रास मरुमक्कत्तायम कायदा. संबंधम कायदेशीर विवाह ठरला, दुसऱ्या विवाहास बंदी आली आणि पत्नी व मुलांच्या पोषणाची जबाबदारी पतीवर आली.
१९७६ : केरळ विधानसभेने आदल्या वर्षी संमत केलेला कायदा लागू होऊन हिंदू एकत्र कुटुंबपद्धती रद्द झाली.

स्त्रियांना काय मिळाले, काय गेले?

पत्नी म्हणून स्त्रीला मान्यता, पोटगी आणि पतीच्या मिळकतीत वाटा मिळाला. वाटणीत स्त्री-पुरुष दोघांनाही हिस्सा होता, हेही विसरू नका. पण हिस्सा विकता येतो. पूर्वी ज्या घरातून तिला कोणी काढू शकत नव्हते, ते घरच उरले नाही. कारणवरची सत्ता गेली आणि तिच्या जागी पतीची आली. पूर्वी बहीण आणि मुलगी म्हणून असलेला हक्क आता पत्नी म्हणून मिळणाऱ्या आधारावर अवलंबून राहू लागला. पुढे या समाजांतही हुंडा शिरला.

याच प्रदेशातील पितृवंशीय सीरियन ख्रिश्चनांकडे पाहा. तेथे विवाहाला पूर्ण मान्यता होती. तरी १९१६ च्या त्रावणकोर कायद्यानुसार वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असेल तेवढेच मिळे. मेरी रॉय यांच्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही स्थिती बदलली.

सारांश

मरुमक्कत्तायमला सुवर्णयुग समजणे चूक आहे आणि त्याचा अंत म्हणजे निव्वळ प्रगती, हेही अपुरे आहे. कुटुंबविषयक कोणतीही सुधारणा अभ्यासताना दोन प्रश्न एकत्र विचारा : विवाहात स्त्रीला काय मिळाले? आणि विवाह मोडला, तर तिला राहायला हक्काचे घर उरले का?

स्वाध्याय

१. मातृवंशीय आणि मातृसत्ताक यांतील फरक तरवाडाच्या आधारे स्पष्ट करा.
२. विवाह कायद्याच्या मागणीमागील सामाजिक व आर्थिक कारणे लिहा.
३. तुमच्या घरातील आजी, आई आणि बहीण यांचा कोणत्या घरावर कायदेशीर हक्क होता किंवा आहे, याची माहिती घेऊन टिपण लिहा.