मुक्तस्रोत सॉफ्टवेअर : परवान्याची पारख

मुक्तस्रोत साधन निवडताना परवान्याचा मजकूर वाचला की काम भागले, हा समज अपुरा आहे. तो परवाना बदलण्याचे हक्क कोणाकडे एकवटले आहेत, हेही तितकेच तपासावे लागते. टेराफॉर्म हे साधन मोझिला परवान्याखाली खुले होते. मात्र बाहेरच्या प्रोग्रामरने पाठवलेला कोड स्वीकारण्यापूर्वी टेराफॉर्म बनवणारी हॅशीकॉर्प कंपनी त्याच्याकडून योगदान-करार मान्य करून घेई. त्यातून मिळालेल्या हक्कांच्या बळावर कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या आवृत्त्या ‘बिझनेस सोर्स’ परवान्याखाली नेल्या. या परवान्यात कोड वाचता येतो, पण कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या सेवेत वापरता येत नाही. लिनक्स कर्नलचे हक्क मात्र हजारो लेखकांत विखुरलेले आहेत. सर्वांची संमती मिळवणे जवळजवळ अशक्य, म्हणून त्याचा जीपीएल परवाना भक्कम.

परवाना बदलला तरी जुना कोड खुलाच राहतो, मग बिघडले काय, असे कोणी विचारील. तो खुला राहिला म्हणूनच ओपनटोफू हा टेराफॉर्मचा स्वतंत्र फाटा निघाला आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला, हे खरे. परंतु सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणीतरी सतत कराव्या लागतात, आणि तेवढे मनुष्यबळ लहान संस्थेकडे नसते. आयत्या कोडवर इतर कंपन्या पैसा करतात, ही निर्मात्यांची तक्रारही रास्त आहे. तरीही ज्या अटींवर लोकांनी श्रम दिले त्या नंतर बदलणे हा तिच्यावरचा न्याय्य उपाय नव्हे. सेवा व देखभालीतून उत्पन्न मिळवता येते. म्हणून परवान्याच्या फाइलसोबत योगदानाच्या अटींची फाइलही उघडावी आणि गेल्या वर्षभरातले बदल एकाच कंपनीच्या नोकरांनी केले आहेत का, ते पाहावे.