वर्षारंभ सरकतो तेव्हा

सुरतेतल्या कतारगामच्या हिरे कारखान्यांचं वर्ष दिवाळीला सरतं. हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंट्या थांबतात, रत्नकलाकार सौराष्ट्रातल्या गावी जातात, सुट्टी संपली की परततात. त्यांची महिनावार मजुरी एप्रिलपासून मांडली, तर ही सुट्टी मधोमध खड्ड्यासारखी दिसते. कार्तिकापासून मांडली, की ती टोकाला जाते आणि सलग हंगाम नजरेत भरतो. प्रत्येकाचा घंटीवरचा पहिला महिना शून्य धरला, तर वेगवेगळ्या साली आलेले कारागीर शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. आयुष्यक्रमाचे अभ्यासक हेच करतात. ‘ट्रामाइनआर-एक्स्ट्राज’ या संगणकीय संचात त्यासाठी खास आज्ञा आहे.

सरकारनेही वर्षारंभ असा सरकवला. पूर्वी प्राप्तिकरासाठी दिवाळी ते दिवाळी हिशेब चालत असे. १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांना ३१ मार्चची अखेर सक्तीची झाली, आणि वर्षारंभ बदलताना अनेकांचं एक हिशेबी वर्ष बारा महिन्यांहून लांबलं.

पण या युक्तीचं जुनं कूळ शेतसाऱ्यात सापडतं. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. दरवर्षी ते अकरा-एक दिवस मागे सरकतं, पीक मात्र ऋतू सोडत नाही. म्हणून दख्खनेत १३४४च्या सुमारास सुहूर सन आला: आकडा हिजरीचा, लांबी सौर वर्षाची, आरंभ मृगाला. पेरणीपासून वर्ष मोजणारी ही पद्धत मला फार शहाणी वाटते. मराठी दप्तरांनी ती पुढे शतकानुशतकं वापरली.

वर्षारंभ असे वेगवेगळे असल्यामुळेच सुरतेची एक घटना कागदोकागदी वेगळ्या सालाची दिसते. शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटायला घेतली, तो बुधवार आजच्या पद्धतीने १६ जानेवारी १६६४. शके १५८५, सुहूर ‘अर्बा सितैन अलफ’ म्हणजे १०६४, आणि कार्तिकात बदलणारा गुजराती विक्रम संवत १७२०. इंग्रज वखारवाल्यांची तारीख जुन्या पद्धतीने ६ जानेवारी. आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने साल अजून १६६३च.

बरं, ठरावीक आकडा मिळवून वा वजा करून भागत नाही. शक आणि गुजराती संवत यांत जानेवारीत १३५चं अंतर असतं, ऑगस्टमध्ये १३४चं. इसवी सन काढायला सुहूरात जानेवारीला ६०० मिळवायचे, जुलैला ५९९. संशोधकांनी ‘मोडक जंत्री’, ‘खरे जंत्री’ ही तारखा जुळवायची कोष्टकं उराशी बाळगली ती यासाठी. वखारीची पत्रं नुसत्या लिहिलेल्या सालांनी लावली, तर जानेवारीतली लूट त्याआधीच्या डिसेंबरातल्या पत्रांच्या अकरा महिने आधी जाऊन बसते.