लहान गोळी, मोठे श्वापद

तात्या टोपे नगरापासून केरवा-कलियासोतचे रान फारसे दूर नाही; तेथे आजही वाघाचा वावर आहे. भोपाळचे अखेरचे नवाब हमीदुल्ला खान (कारकीर्द १९२६–१९४९) शिकारीचे मोठे शौकीन. त्यांच्या पिढीच्या शिकाऱ्यांत एक वाद रंगत असे : मोठ्या श्वापदावर लहान नळीची रायफल चालवावी काय?

स्कॉटिश शिकारी बेल याने आफ्रिकेत शेकडो हत्ती अवघ्या ७ मिलिमीटरच्या .२७५ रिग्बीने पाडले. त्यासाठी त्याने हत्तीची कवटी कापून मेंदूची जागा अभ्यासली होती. एवढा खटाटोप किती जण करणार? जिम कॉर्बेट यांनी १९३० मध्ये चौगढची नरभक्षक वाघीण .२७५ रायफलीनेच, तीही एका हाताने, मारली. दुसऱ्या हातात पाखराची अंडी होती! पण वाघीण अगदी काही पावलांवर होती.

नेम चुकला तर? कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले आढळले. नेहमीचे भक्ष्य धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली. नेपाळ व कुमाऊँ मिळून तिचे ४३६ बळी सांगितले जातात. त्यांत रानात लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायका पुष्कळ होत्या.