भरलेलें काडतूस आणि भरणारा हात

माळशेज घाटाच्या वाटेवर, जुन्नर तालुक्यांत ओतूर गांव वसलें आहे. जवळच सह्याद्रीचे डोंगर, भोंवतीं उंसाचे मळे आणि त्या मळ्यांत बिबट्याचा वावर. अशा मुलुखांतील शिकाऱ्याजवळ पूर्वीं ठासणीची बंदूक असे. दारू मोजावी त्यानें, गजानें ठासावी त्यानें, शिशाची गोळी बसवावी तीहि त्यानेंच. माप चुकलें तर नळी त्याच्याच तोंडापाशीं फुटावयाची. भरणारा व उडविणारा हात एकच; म्हणून जोखीमहि एकाच्याच माथीं होती.

पुढें हे दोन हात वेगळे झाले. १८५७ सालीं एन्फील्ड बंदुकीचें कागदी काडतूस शिपायानें दांतांनीं तोडावयाचें होतें. परंतु त्याला कोणती चरबी फांसली आहे, हें त्यास कोण सांगणार? परक्या हातानें भरलेल्या वस्तूविषयींच्या ह्या अविश्वासानें आधींच धुमसत असलेल्या असंतोषावर ठिणगी पडली. १८६६ च्या सुमारास इंग्लंडांत बॉक्सर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें टोपी, दारू व गोळी हीं एकाच पितळी पत्र्याच्या कवचांत बसविलीं. १८६९ सालीं पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा ठरला.

पितळी कवच मात्र बार उडाल्यावरहि शिल्लक राहतें. नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घातली कीं तें पुन्हा कामास येतें. हीच हातभरणीची विद्या. ती अमेरिकेंत विशेष फोफावली, आणि त्याचें एक कारण त्या चिमुकल्या टोपींत आहे. बॉक्सरच्या रचनेंत ऐरण टोपींतच असते व कवचाला मधोमध एकच छिद्र असतें. त्यामुळें वापरलेली टोपी सुईसारख्या दांडीनें सहज बाहेर पडते. बर्डनच्या रचनेंत ऐरण कवचाचाच भाग असून छिद्रें बाजूला असतात. म्हणून टोपी काढतांना नाकीं नऊ येतात. श्रोत्यांस नवल वाटेल, पण इंग्रज बॉक्सरची रचना उचलली अमेरिकेनें, आणि अमेरिकन बर्डनची इंग्लंडनें!

१९१२ सालीं लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनें ०.३७५ इंची 'मॅग्नम' काडतूस काढलें. मॅग्नम म्हणजे लॅटिन भाषेंत 'मोठें'. उष्ण देशांत दारूचा जोर वाढतो व उडालेलें कवच बंदुकींत अडकून बसतें. तें सहज निघावें म्हणून त्याला लांब, निमुळता उतार दिला. पण उतरत्या खांद्याचा आधार अपुरा पडतो, यास्तव बुडाशीं जाड पितळी पट्टा ठेवला. जुन्या काडतुसांपैकीं कित्येकांचें उत्पादन पुढें थांबलें, बंदुका मात्र उरल्या. मग तीं कवचें पुन्हा भरण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. येथें तो पट्टाच फसवा ठरतो. प्रत्येक बारागणिक कवच पट्ट्याच्या किंचित् पुढें ताणलें जातें, भिंत पातळ होते, आणि एके दिवशीं तें तेथेंच तुटतें. पाऱ्याच्या जुन्या टोप्यांनीं पितळ ठिसूळ होई तें निराळेंच. म्हणून जाणता मनुष्य वांकड्या तारेनें आंतील भिंत चांचपून पाहतो, आणि किंचित् खांच लागतांच कवच हळहळ न करतां टाकून देतो.

आपल्याकडे १९५९ च्या कायद्यानें परवान्याचें बंधन कायम ठेवलें, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा काळ संपविला. आज ओतूरच्या उंसांत बिबट्या शिरला तर पिंजरा लावतात. जुन्नरजवळ माणिकडोहास बिबट्यांचें निवारा केंद्रहि आहे. मनुष्याच्या जिवास धोका असला तरी बिबट्यावर बार काढण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी आज्ञा लागते. शेतांत पाणी धरणाऱ्याचा जीव मोलाचा, तसा त्या जनावराचाहि. एके काळीं दारूचें माप एकटा शिकारी तोलीत असे. आतां ह्या दोन जिवांचें माप सर्व समाजास तोलावयाचें आहे, आणि तेथेंहि हात चुकून चालणार नाहीं.